मदर झेनोबियाचा पिवळा कागद

रेव्हरंड पेटिफोर्ड आधी बोलतात. मग सावकाश बोलतात. मग एखादा शब्द लांबवतात, आणि तो लांबता लांबता त्याचं गाणं कधी होतं ते खुद्द त्यांनाही कळत नाही. मला कळतं. माझ्या तळपायांना कळतं. गेली एकतीस वर्षं मी, व्हर्डेल विम्बुश, माउंट नेबो चर्चची चिटणीस आहे, आणि दर रविवारच्या त्या एका क्षणावर माझा सगळा आठवडा निघतो. पण मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं प्रवचन व्यासपीठावरून झालंच नाही. ते झालं ऑगस्टमधल्या एका शनिवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजून गेल्यावर, आणि तेव्हा रेव्हरंडांच्या डोळ्यांवर मासे निथळायचा टॉवेल बांधलेला होता.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळावरची आमच्या विभागाची जागा मधेच रिकामी झाली होती. आमच्या भागात पक्षाची उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीला नुसतं जाऊन हजेरी लावायची, म्हणून खरी मारामारी उमेदवारीची. घाईची निवडणूक, त्यामुळे सरकारी यंत्रं नाहीत, सरकारी माणसं नाहीत. पक्षानेच कागदावर मतं घ्यायची आणि पक्षानेच मोजायची. जागा आमचा हॉल. मुख्य अधिकारी मी, कारण मी कुणाचीच बाजू घेत नाही असं दोन्ही बाजूंना वाटतं. म्हणजे मी दुसऱ्या बाजूची आहे अशी दोघांनाही खात्री आहे.

उमेदवार दोन. डेल्फीन पॅनेल तीस वर्षं शाळेची बस चालवत होती, अर्ध्या काउंटीवर ती त्यांच्या लहानपणी "खाली बस!" म्हणून ओरडलेली आहे. आणि थॅडियस क्लेबोर्न, आमच्याकडचे अंत्यविधी करणारे, वडिलांपासून धंदा. त्या अर्ध्या काउंटीच्या आईवडिलांना त्यांनी नीट कपडे घालून निरोप दिलेला. माणूस गोड, पण बोलायला लागला की थांबत नाही. त्यांच्या धंद्यात मधे बोलणारं कुणी नसतं, त्याची ती सवय.

उमेदवारांनी हॉलमध्ये थांबायचं नाही असा नियम. म्हणून त्यांचे प्रतिनिधी बसलेले. डेल्फीनकडून रॉस्को, तिचा चुलतभाऊ. थॅडियसकडून लव्हिनिया टन्स्टल, त्यांची मेहुणी. दोघंही आमच्याच कॉयरमध्ये गातात, शेजारी शेजारी उभे राहून. त्या शनिवारी मात्र ते दोन वेगळ्या देशांचे राजदूत असल्यासारखे बसले होते.

दहा वाजता दार उघडलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी रॉस्कोने पहिला आक्षेप घेतला.

"सिस्टर व्हर्डेल, ते हातपंखे बघ."

"काय झालं हातपंख्यांना?"

"एका बाजूला मेंढपाळ येशू आहे, ठीक आहे. दुसऱ्या बाजूला काय आहे ते वाच."

मला वाचायची गरज नव्हती. दुसऱ्या बाजूला 'क्लेबोर्न आणि मंडळी, अखेरपर्यंत तुमच्या सोबत' असं छापलेलं आहे. आमच्या चर्चमधला प्रत्येक हातपंखा क्लेबोर्नांनी दिलेला. आणि रांगेतली प्रत्येक बाई तो हलवत उभी.

"मतपेटीपासून चाळीस फुटांच्या आत प्रचार चालत नाही," रॉस्को म्हणाला. "इथं साठ पाट्या हलतायत, आणि त्याही वाऱ्यासकट!"

"अरे, ते पंखे थॅडियसच्या वडिलांच्या काळापासून आहेत," लव्हिनिया म्हणाली. "हा प्रचार नाही. ही हवा आहे."

"मग डेल्फीनचं नाव छापलेली हवा पण येऊ दे!"

"तिने कधी दिलीय का कुणाला हवा? तिच्या बसच्या खिडक्यासुद्धा उघडत नव्हत्या."

मी नियमांची चोपडी उघडली. नियम रॉस्कोच्या बाजूने होता, काय करणार. मी एक खोका घेतला आणि रांगेतून पंखे गोळा करत फिरले. बाहेर पस्तीस अंश. बायकांनी ते पंखे असे दिले जणू मी त्यांच्या बांगड्या उतरवून घेत होते. सिस्टर ऑफेलिया तर म्हणाली, "व्हर्डेल, या उकाड्याने मी मेले तर क्लेबोर्नांकडेच नेणार आहेत मला. मग पंखा काढून घेऊन त्यांचाच प्रचार करतेयस तू."

पुढचं सगळं रामायण या पंख्यांमुळेच झालं. पंखे गेले, हॉलची भट्टी झाली. म्हणून मी कॉयरच्या खोलीतला मोठा विजेचा पंखा आणून टेबलासमोर लावला. त्या वाऱ्याने सह्यांच्या वहीची पानं फडफडून उलटायला लागली. माणूस सही करतोय आणि पान पळतंय. त्यावर काहीतरी जड ठेवायला हवं म्हणून मी खिडकीतली प्रार्थनेची पेटी उचलून आणली आणि वहीच्या कडेवर ठेवली.

ही पेटी म्हणजे आमच्या चर्चचं हृदय आहे. ज्याला जे मागायचं असेल त्याने ते कागदावर लिहून, घडी घालून तिच्या फटीतून आत टाकायचं. किल्ली एकट्या रेव्हरंडांकडे. रविवारी पहाटे ते एकटेच ती उघडतात, प्रत्येक कागदावर प्रार्थना करतात आणि मागच्या अंगणात सगळे जाळून टाकतात. कुणी काय मागितलं हे आजवर या कानाचं त्या कानाला कळलेलं नाही. पेटी ओकच्या लाकडाची आहे, आमच्या एका जुन्या डीकनने, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या सेवकाने, केलेली. मतपेटीही त्याच डीकनने त्याच लाकडाच्या उरलेल्या फळ्यांतून केली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. त्या दिवशी त्या शेजारीच होत्या, आणि ते माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

दुपारी मदर झेनोबिया आल्या. आमच्या चर्चमध्ये बायका सगळ्या सिस्टर, आणि सगळ्यांत ज्येष्ठ ती मदर. वय एक्क्याण्णव, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, डोक्यावर रविवारची टोपी. रॉस्को त्यांचा भाचा, त्यानेच जेवणाच्या वेळी जाऊन गाडीतून आणलं होतं. त्या दर शनिवारी आपली प्रार्थना घेऊन येतात आणि खिडकीतल्या पेटीत टाकतात. आज मत आणि प्रार्थना एकाच खेपेत उरकायचा त्यांचा बेत होता.

मी त्यांना मतपत्रिका दिली. पिवळा अर्धा कागद. महिलादिनाच्या कार्यक्रमपत्रिका छापून उरलेला गठ्ठा मी वापरला होता. आणि प्रार्थनेसाठी लोक घेतात ते कागदही त्याच गठ्ठ्यातले. खोटे कागद आत येऊ नयेत म्हणून प्रत्येक मतपत्रिकेवर मी चर्चचा उठावाचा शिक्का दाबला होता, दाखल्यांवर दाबतो तो. बोट फिरवलं की हाताला लागतो. त्याचा मला फार अभिमान होता.

मदर आडोशाला गेल्या, खूण केली, घडी घातली आणि टेबलाशी आल्या. एका हातात मत, एका हातात प्रार्थना. आणि नेमकी त्याच वेळी, मत द्यायला आलेल्या हार्लन ओकलीवरून जुंपली होती.

"याला मत देता येणार नाही!" लव्हिनिया उभी राहून सांगत होती. "गेल्या वर्षी याच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी होती. मी डोळ्यांनी पाहिलीय."

"ती बायकोची पाटी," ओकली म्हणाला. "अंगणाचा डावा भाग तिचा आहे."

"पाटी उजवीकडे होती!"

"रस्त्यावरून उजवीकडे. घरातून डावीकडे."

"त्याने मी या पक्षाचा म्हणून सही केलीय," रॉस्को म्हणाला, "आता त्याच्या घरात शिरून कोण कुठल्या कुशीवर झोपतं तेही बघणार का तू?"

"निवडणूक स्वच्छ हवी की नको?"

"व्हर्डेल, बाळ," मदर झेनोबिया माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "पेटी इथंच ना?"

"हो मदर, इथंच," मी म्हटलं. मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मग मी ओकलीला मत देऊ दिलं, लव्हिनियाचा आक्षेप लिहून घेतला, आणि मदर खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. रॉस्को चारपर्यंत सुटणार नव्हता. पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागली.

चारला दार बंद झालं. रेव्हरंड बाहेर झाडाखाली तेलाच्या कढईपाशी मासे तळत होते, त्याचा वास खिडकीतून येत होता आणि कुणालाच धीर नव्हता. नियमाप्रमाणे मी आधी घड्या न उघडता कागद मोजले. एकशे सत्त्याऐंशी. वहीतल्या सह्या एकशे सत्त्याऐंशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही जरा ऊर भरून आल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मग कागद परत पेटीत टाकून, ती हलवून, एकेक काढायला लागले. मी उघडून मोठ्याने नाव वाचायचं, दोघा प्रतिनिधींना दाखवायचं, दोघांनी आपापल्या वहीत रेघ ओढायची. एकसष्ट कागद झाले तेव्हा थॅडियस एकतीस, डेल्फीन तीस. लव्हिनिया गुणगुणायला लागली होती. मी बासष्टावा काढला, उघडला आणि त्याच सुरात वाचून गेले:

"प्रभू, जो निवडून येईल त्याला ऐकायचे कान दे..."

"आमेन!" सगळा हॉल म्हणाला. सवय.

मग सगळ्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

मी कागद उलटा केला, सुलटा केला. शिक्का नाही. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी. एवढी एकच ओळ मी मोठ्याने वाचली होती, उरलेल्या दोन हाताने झाकल्या.

"ही मतपत्रिका नाही," मी म्हटलं.

"बाद!" रॉस्को म्हणाला.

"थांब," लव्हिनिया म्हणाली. "कागद पेटीत होता. मतदाराच्या मनात काय होतं ते स्पष्ट असेल तर मत धरायचं, असा नियम आहे. 'ऐकायचे कान.' चाळीस वर्षं लोकांचं दुःख ऐकून घेणारा माणूस कोण आहे? थॅडियस. हे थॅडियसचं मत आहे."

"थॅडियस कधी ऐकतो? त्याच्याकडे येणारे बोलतच नाहीत!" रॉस्को आता खुर्चीवरून उठला. "आणि ज्याच्याकडे कान आहेत त्याच्यासाठी कान कशाला मागेल कुणी? ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठीच मागणार."

"म्हणजे डेल्फीनला ऐकू येत नाही म्हणतोस?"

"मी असं... मी म्हणालो का तसं? तीस वर्षं पाठीमागे साठ पोरं ओरडत असताना..."

"बघा! तिचाच माणूस सांगतोय, बहिरी आहे म्हणून. लिहून घे व्हर्डेल."

मी काही लिहून घेतलं नाही. कारण अख्ख्या माउंट नेबोमध्ये जांभळ्या पेन्सिलीने एकच माणूस लिहितं, आणि सह्यांच्या वहीवर ठेवलेली ती पेटी आता मला दिसली. जुळी बहीण. आणि माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला: हो मदर, इथंच.

त्यांचं मत प्रार्थनेच्या पेटीत होतं.

मी मोजणी थांबवली. मतपेटीवर झाकण ठेवलं, सगळ्यांना टेबलापासून तीन पावलं मागे जायला सांगितलं. मग खिडकीशी गेले आणि मदर झेनोबियांच्या खांद्याला हात लावला. कागद त्यांच्या हातात ठेवला.

"मदर, हा कुणाचा?"

त्यांनी तो नाकाजवळ धरला. "माझा. का गं? पहिली ओळ झोपेत ऐकली मी, मला वाटलं देवच वाचतोय. आता एवढं वाचलंसच तर पुढचं पण वाच की, लाज कसली. जो हरेल त्याला जीभ आवरू दे. आणि माझा उजवा गुडघा."

"मदर, हा मतपेटीत निघाला. तुमचं मत..." मी सह्यांच्या वहीवरच्या पेटीकडे वळून बघितलं. "चूक माझी आहे. पेटी मीच हलवली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा बघितलं नाही."

मदर खुर्चीत सावरल्या. काठी दोन्ही हातांत धरून बसल्या.

तेवढ्यात रॉस्कोचा सूर पालटला. "अरे, मावशीचं मत आहे का? मग ते मोजलंच पाहिजे! एका वृद्ध स्त्रीचा अधिकार..."

"मोजलंच पाहिजे," लव्हिनियाही म्हणाली. "थॅडियसने त्यांच्या यजमानांना काय सुंदर निरोप दिला होता! मदर ते विसरणाऱ्यातल्या नाहीत."

दिवसभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. ते टिकलं साधारण अर्धा मिनिट.

"म्हणजे ती पेटी उघडावी लागेल," मी म्हटलं. "आणि आतले कागद बघावे लागतील. रंग तोच, माप तेच."

सकाळपासून हे लोक मला सांगत होते की सगळं उघड्यावर व्हायला हवं, काही म्हणजे काही लपवायचं नाही. आता एकेकाची नजर त्या ओकच्या पेटीवर गेली आणि तिथून जमिनीवर आली. कारण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाचा एखादा कागद आत होता. निवडणुकीच्या आठवड्यात माणूस देवाकडे काय काय मागतो, आणि कुणाबद्दल!

"एका मताने काय होतं म्हणा," लव्हिनिया म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," रॉस्को म्हणाला. "मतपेटीत नाही ते मत नाही. मावशी समजून घेईल."

"मावशी काय समजून घेईल?" मदर म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघा कडकन वाजला तो मला ऐकू आला.

"मी पंचवीस वर्षांची होते, रॉस्को. तुझी आई तेव्हा परकर नेसत होती. मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेले. गोऱ्या कारकुनाने हातात कोरा कागद दिला, आपल्या काळ्या माणसांना दमवून परत पाठवायची ती युक्ती. त्यावर काय लिहायचं ते सांगायचं नाही. नाव, वय, जन्म, पत्ता, धंदा, आधी कुठं राहत होतीस, सगळं आपणच ओळखून लिहायचं. मी लिहिलं. त्याने बघितलं, म्हणाला, काहीतरी राहिलंय. काय राहिलं? ते सांगणार नाही. तीनदा गेले, तीनदा कागदावर काहीतरी राहिलेलं. चौथ्यांदा मी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, माझ्या आजीचं नावसुद्धा लिहिलं, तेव्हा त्याला कंटाळा आला. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही मी. आणि कुणाला मत दिलं ते माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, त्याने दोनदा रुसून पाहिलं तरी." त्या माझ्याकडे वळल्या. "आज माझ्या कागदावर काहीही राहिलेलं नाही, व्हर्डेल. तू शिक्का मारलास, मी खूण केली, तू सांगितलंस तिथं टाकला."

मी म्हटलं, "रेव्हरंडांना बोलवा."

ते आले. एप्रनवर मक्याचं पीठ, हातात झारा. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग मदरकडे, मग पुन्हा पेटीकडे.

"या पेटीतलं कुणी वाचणार नाही असा शब्द दिलाय मी," ते म्हणाले. "तेवीस वर्षं पाळलाय."

"वाचू नका," मी म्हटलं. माझ्या बोटांना आठवलं होतं. "मतपत्रिकेवर शिक्का आहे, रेव्हरंड. उठावाचा. घडी न उघडताही अंगठ्याला लागेल."

"डोळे मिटून शोधीन मी."

"मिटून?" लव्हिनिया म्हणाली. "रेव्हरंड, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही आणि थॅडियस आठवड्यातून दोनदा एका कबरीपाशी उभे असता. उद्या हेच म्हणतील की तुम्ही आमचे. डोळे बांधा."

"मी हेच म्हणणार होतो," रॉस्को म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं की त्याने आधी म्हटलं नाही.

बांधायला स्वच्छ कापड नव्हतं. स्वयंपाकघरात मासे निथळायचा टॉवेल होता. लव्हिनियाने एक गाठ मारली, रॉस्कोने तिच्यावर दुसरी मारली. मी कागद पुढे केला: मोजणी अर्ध्यात थांबली आहे, प्रार्थनेच्या पेटीतली शिक्क्याची एकच मतपत्रिका न उघडता मतपेटीत टाकायची, दोन्ही बाजूंना मान्य. खाली लिहिलं, चूक व्हर्डेल विम्बुशची. दोघांनी सह्या केल्या. रेव्हरंडांनी हात धुतले, गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उघडली.

पहिला कागद हातात घेतला, अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. हॉलमध्ये श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. आणि रेव्हरंडांना शांतता सहन होत नाही. ती कुणीतरी आपल्यासाठी मोकळी ठेवलीय असं त्यांना वाटतं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. साधं बोलणं होतं.

"नाही दिसत," मागून कुणीतरी म्हणालं.

"काळ्या शाईचा की निळ्या शाईचा, दिसत नाही."

"नाही!"

"गोड अक्षर की वाकडं अक्षर, कोण मोठ्या घरचं, कोण छोट्या घरचं," आता आवाज सावकाश झाला, "मला दिसत नाही हो..."

"सांगा रेव्हरंड!"

"पण माझ्या अंगठ्याला कळतं..." आणि तो 'कळतं' लांबला. माझ्या तळपायांना कळलं. तो शब्द हॉलच्या छतापर्यंत गेला आणि खाली येताना गाणं होऊन आला. "कळतं, कुणावर खूण आहे ते... दारातून परत पाठवलेल्याला, रांगेत तीनदा उभं केलेल्याला, चुकीच्या पेटीत पडलेल्याला, माझा देव अंधारात चाचपून... काढतो!"

"काढतो!" रॉस्कोने खालचा सूर धरला. लव्हिनियाने वरचा. कॉयरमध्ये धरतात तसाच. दिवसभराची भांडणं त्यांच्या गळ्यापर्यंत पोचलीच नव्हती. सिस्टर ऑफेलिया पाय आपटत होती. मला रडायला येत होतं आणि माशाच्या वासाने भूकही लागली होती.

अंगठा एका कागदावर थांबला. सगळे थांबले. रेव्हरंडांनी पुन्हा चाचपलं.

"नाही," ते म्हणाले. "हा शिक्का नाही. कुणीतरी पेनवर फार जोर देऊन लिहिलंय."

लव्हिनिया छताकडे बघायला लागली.

आणि मग, आणखी सात कागदांनंतर, त्यांनी एक घडी वर उचलली. मी घडीवरून बोट फिरवलं. रॉस्कोने फिरवलं, लव्हिनियाने फिरवलं. शिक्का होता. आमच्या चर्चचा, गोल, माझ्याच हातचा. घडी तशीच ठेवून मी कागद मदर झेनोबियांच्या हातात दिला. त्या काठी टेकत टेबलापाशी आल्या.

"पेटी इथंच ना?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी त्यांचा हात धरून फटीपर्यंत नेला.

आत अजून न उघडलेले एकशे पंचवीस कागद होते. रॉस्कोने पेटी एका बाजूने धरली, लव्हिनियाने दुसऱ्या, आणि दोघांनी मिळून ती अशी घुसळली की आता खुद्द मदरनाही आपला कागद ओळखू आला नसता. जांभळ्या पेन्सिलीचा कागद त्याच्या स्वतःच्या पेटीत गेला. रेव्हरंडांनी कुलूप लावलं, मगच टॉवेल सोडला, आणि ओरडत बाहेर पळाले, कारण कढईतले मासे करपले होते.

मोजणी पुढे चालू झाली. पारडं इकडे जाई, तिकडे जाई. शेवटचा कागद उघडला. डेल्फीन चौऱ्याण्णव, थॅडियस त्र्याण्णव. लव्हिनियाने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

एका मताने. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"मावशी," रॉस्को त्यांच्या खुर्चीशी बसला, चेहरा चांदण्यासारखा, "तूच ना गं?"

"मदर," लव्हिनिया दुसऱ्या बाजूने वाकली, "निदान एवढं सांगा, तुम्ही नव्हतात ना?"

"चौऱ्याण्णव जणांनी दिलंय," मदर म्हणाल्या. "त्यातल्या प्रत्येकाच्या दारात जा आणि विचार. मासे खायचेत की नाही?"

करपलेले मासे आम्ही पावात घालून, तिखट सॉस ओतून खाल्ले. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साठच्या साठ पंखे बाकांवर परत ठेवले. थॅडियस क्लेबोर्न तिसऱ्या रांगेत येऊन बसले. उपासना संपल्यावर दारात गर्दी झाली आणि कुणीतरी त्यांना विचारलंच, काल अर्ध्यात पेटी उघडली म्हणे, तुम्ही तक्रार करणार की नाही? थॅडियसनी मोठा श्वास घेतला. तो श्वास आम्ही ओळखतो. त्यानंतर पाऊण तास जातो. तेवढ्यात त्यांना पायरीवर बसलेल्या मदर झेनोबिया दिसल्या. मदरनी काही केलं नाही, नुसती मान वर करून बघितलं.

थॅडियसनी श्वास सोडला. "मोजणी बरोबर होती," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच नावाच्या पंख्याने वारा घेत गाडीकडे गेले.

मी मदरना हात देऊन उठवलं. गुडघा परत वाजला.

"माझ्या कागदावरचं एक झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं उद्या बघते. माझ्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल डेल्फीनला फोन करणार आहे मी."

"आणि गुडघा?"

"त्याच्यासाठी पुढच्या शनिवारी परत लिहीन. फक्त पेटी खिडकीत ठेव, बाळ."